कचारगडच्या पायथ्यापासून : गोंडवाना गणतंत्र पार्टीची वाटचाल

माघ पौर्णिमा जवळ आली की सालेकसा तालुक्यातल्या दरेकसा स्थानकावर ऐकू येणारी भाषा बदलते. बालाघाट, मंडला, छिंदवाडा, राजनांदगाव, गडचिरोली, आदिलाबाद अशा कितीतरी भागांतून गोंड सगाजन उतरतात. कुणाच्या बोलण्यात हिंदी, कुणाच्या मराठी, कुणाच्या छत्तीसगढी, तर कुणाच्या तेलुगू मिसळलेली असते. पण एकमेकांना भेटल्यावर ‘जय सेवा’ म्हणून हात जोडले की पुढचे बोलणे गोंडीत सुरू होते. खांद्यावर शिदोरी, हातात सप्तरंगी ध्वज आणि ढोलांचा नाद अशी ही माणसे धनेगावमार्गे कचारगडच्या गुंफेकडे चालू लागतात.

चार-पाच राज्यांत वाटला गेलेला समाज असा वर्षातून एकदा गोंदिया जिल्ह्याच्या एका कोपऱ्यात एकत्र येतो. आपले एक राज्य असावे, ही मागणी कुठून आली असे कुणी विचारले, तर आम्ही त्याला आधी ही वाट दाखवतो. गोंडवाना गणतंत्र पार्टी 1991 मध्ये स्थापन झाली. तिची मुळे मात्र त्याआधीच्या अनेक पिढ्यांत आहेत, आणि त्यांपैकी एक महत्त्वाचे मूळ आपल्या जिल्ह्याच्या मातीत आहे. तीन दशकांचा टप्पा ओलांडलेल्या या प्रवासाची ही नोंद म्हणजे गावोगावच्या सर्व कार्यकर्त्यांच्या कष्टांची नोंद आहे.

पूर्वपीठिका : 1980 पूर्वीचा काळ

गोंडवाना हे नाव नवे नाही. गढा-मंडला, देवगड, चांदा आणि खेरला या गोंड राज्यांनी मध्य भारतावर काही शतके राज्य केले. गढ्याची राणी दुर्गावती 1564 मध्ये मोगल फौजेशी लढताना धारातीर्थी पडली. देवगडच्या बख्त बुलंद शहाने अठराव्या शतकाच्या आरंभी नागपूर शहर वसवले. राजा शंकरशहा आणि त्यांचे पुत्र रघुनाथशहा यांना इंग्रजांनी 1857 मध्ये जबलपूर येथे तोफेच्या तोंडी दिले, तर वीर बाबूराव शेडमाके यांना 21 ऑक्टोबर 1858 रोजी चांद्यात फाशी दिली. जगभरच्या भूगर्भशास्त्रज्ञांनी प्राचीन खडकांना आणि पुढे दक्षिण गोलार्धातल्या प्राचीन महाखंडाला आपल्याच भूमीचे नाव दिले. शाळेच्या पुस्तकात मुले ते नाव वाचतात, पण ते ज्या लोकांचे आहे त्यांच्याविषयी तिथे फारसे काही सापडत नाही.

विसाव्या शतकात जागृतीचे पहिले ठोस पाऊल आपल्या शेजारी, बालाघाट जिल्ह्यात पडले. मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी 1918 मध्ये गोंडी भाषेसाठी लिपी तयार केली. आपली भाषा लिहिता आली तर आपला इतिहासही आपल्याला लिहिता येईल, हा विचार त्या लिपीमागे होता. पुढे निजामाच्या राज्यात, आदिलाबादच्या डोंगरात कोमराम भीम यांनी जल, जंगल आणि जमीन यांवर आपला हक्क सांगितला आणि गोंडांच्या स्वराज्याची मागणी केली. 1940 मध्ये जोडेघाट येथे ते शहीद झाले. त्यानंतर निजाम सरकारला त्या भागात काय चालले आहे हे समजून घ्यावे लागले. मराठीतील थोर इतिहासकार सेतुमाधवराव पगडी हैदराबाद संस्थानच्या सेवेत असताना गोंडी शिकले आणि त्यांनी या भाषेवर लेखनही केले. मराठी आणि गोंडी यांचे नाते असे आदराचेही राहिले आहे. त्याची आठवण ठेवलीच पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर भाषावार प्रांतरचनेचा विचार सुरू झाला. फाजल अली आयोगाने 1955 च्या अहवालात स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली होती. ती प्रत्यक्षात आली नाही. नोव्हेंबर 1956 मध्ये राज्यांच्या नव्या सीमा आखल्या गेल्या. मराठी, तेलुगू, उडिया या भाषांना आगेमागे राज्ये मिळाली. गोंडी बोलणारा समाज मात्र महाराष्ट्र (तेव्हाचे मुंबई राज्य), मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश आणि ओडिशा यांच्यात विभागला गेला. प्रत्येक राज्यात तो अल्पसंख्य ठरला, आणि कुठल्याच राज्याच्या राजधानीत त्याची भाषा कामकाजाची भाषा झाली नाही. पक्षाच्या राज्यमागणीचे मूळ कारण एवढे सरळ आहे.

ही मागणी घटनेच्या चौकटीत मांडण्याचे प्रयत्नही लवकर सुरू झाले. नारायणसिंह उईके यांच्या अध्यक्षतेखालील गोंडवाना आदिवासी सेवा मंडळाने 1963 मध्ये छत्तीसगड, रीवा विभागालगतचे जिल्हे आणि विदर्भातील आदिवासी भाग मिळून गोंड राज्य करावे, असा ठराव केला. पानाबरसचे राजे लालश्याम शाह 1962 मध्ये चांदा मतदारसंघातून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले. आदिवासींच्या प्रश्नांकडे सरकार लक्ष देत नाही म्हणून 1964 मध्ये त्यांनी खासदारकीचा राजीनामा दिला. खुर्ची मिळवण्यासाठी धडपडणारे पुष्कळ असतात. समाजासाठी खुर्ची सोडणाऱ्या या माणसाचे नाव आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी अजून आहे.

1981 ते 1990 : गुंफेची वाट पुन्हा सापडली

पक्ष येण्याआधी समाजाला आपली ओळख परत मिळवावी लागली. हे काम कचारगडला झाले.

गोंडी पुनेम, म्हणजे गोंडी धर्म, सांगतो की कली कंकाली मातेच्या तेहतीस मुलांना शंभूने या गुंफेत कोंडले आणि तोंडाशी भली मोठी शिळा लावली. हिरासुका पाटालीर या वादकाने आपल्या वाद्याच्या सुरांनी आत अडकलेल्या मुलांना बळ दिले. आतून मुलांनी आणि बाहेरून हिरासुकाने जोर लावला, शिळा ढळली, मुले मोकळी झाली. पण त्याच शिळेखाली हिरासुकाचा अंत झाला. जंगो रायताडने त्या मुलांचा सांभाळ केला. पारी कुपार लिंगोने त्यांना सगा व्यवस्था दिली, गोटुलचे शिक्षण दिले आणि परस्परसेवेचा मार्ग दाखवला.

ही कथा गावोगावच्या भुमकांना (पुजाऱ्यांना) आणि म्हाताऱ्या माणसांना ठाऊक होती. पण कथेतले ठिकाण म्हणून कचारगडची ओळख बाहेरच्या सगाजनांपर्यंत पोचलेली नव्हती. नागपूरचे आचार्य मोतीरावण कंगाली, के. बी. मर्सकोल्हे, सुन्हेरसिंह ताराम आणि त्यांचे सहकारी अशा मोजक्याच माणसांनी 1984 च्या सुमारास माघ पौर्णिमेला येथे यायला सुरुवात केली. तेव्हा ना मंडप होता, ना पिण्याच्या पाण्याची सोय. धनेगाव आणि आसपासच्या गावकऱ्यांनी घरातले तांदूळ काढून पाहुण्यांना जेवू घातले. कुणाची बैलगाडी, कुणाचे अंगण, कुणाच्या घरची घोंगडी यांवर पहिली वर्षे निभावली. या गावकऱ्यांची नावे कुठल्या पाटीवर लागलेली नाहीत, पण त्यांच्याशिवाय यात्रेचा इतिहास सुरूच होत नाही.

रिझर्व्ह बँकेतली नोकरी सांभाळून कंगाली यांनी आयुष्यभर गोंडी भाषा, लिपी आणि पुनेम यांचा अभ्यास केला. त्यांचे ‘पारी कुपार लिंगो गोंडी पुनेम दर्शन’ हे पुस्तक कार्यकर्त्यांच्या पिशवीत असायचेच. सुन्हेरसिंह ताराम यांनी ‘गोंडवाना दर्शन’ हे मासिक चालवले. पदरचे पैसे घालून छापलेला अंक हातोहात गावात जायचा. एकाने मोठ्याने वाचायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचा, असा त्याचा प्रवास होता. उषाकिरण आत्राम यांनी कवितेतून आदिवासी स्त्रीचे म्हणणे ठामपणे मांडले. राजकीय भाषणांना गर्दी होण्याआधी या लेखणीने माणसे जागी केली.

1991 ते 2000 : पक्षाची स्थापना आणि पहिले यश

13 जानेवारी 1991 रोजी गोंडवाना गणतंत्र पार्टीची स्थापना झाली. संस्थापक दादा हिरासिंह मरकाम हे आजच्या छत्तीसगडमधील कोरबा जिल्ह्याच्या तिवरता गावचे. शिक्षक म्हणून त्यांनी सुरुवात केली. 1985 मध्ये ते तानाखार मतदारसंघातून भारतीय जनता पक्षाचे आमदार म्हणून विधानसभेत गेले. दुसऱ्यांच्या पक्षात राहून राखीव जागेवरचा आदिवासी आमदार पक्षाच्या आदेशापलीकडे बोलू शकत नाही, हा तिथला अनुभव घेऊन ते बाहेर पडले. समाजाला आपले मत आपल्या तोंडाने मांडता यावे, यासाठी आपला पक्ष हवा, या निष्कर्षातून पार्टी उभी राहिली.

पक्षाच्या मागण्या पहिल्यापासून स्पष्ट होत्या. राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदानुसार गोंडवाना राज्य व्हावे, गोंडी भाषेचा आठव्या अनुसूचीत समावेश व्हावा, जनगणनेत गोंडी धर्माची स्वतंत्र नोंद व्हावी आणि अनुसूचित क्षेत्रांविषयीच्या पाचव्या अनुसूचीची खरी अंमलबजावणी व्हावी. राज्याची मागणी ही जमीन, जंगल आणि भाषा यांचे निर्णय त्यांच्यावर जगणाऱ्यांच्या हातात यावेत म्हणून आहे, हे दादा साध्या शब्दांत समजावून सांगत. लग्नात आणि दारूवर उधळण्यापेक्षा मुलांच्या शिक्षणावर खर्च करा, सावकाराच्या दारी जाऊ नका, गावात आपली बचत उभी करा, हेही त्यांचे नेहमीचे सांगणे होते. पक्षाच्या सभेत राज्याची मागणी आणि घरची शिस्त या दोन्ही गोष्टी एकत्र बोलल्या जात.

आपल्या भागातल्या कामाचे दिवस खडतर होते. धानाची रोवणी आणि कापणी संपल्याशिवाय सभा घेता येत नसे. उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपान यांच्या हंगामात माणूस पहाटेच जंगलात गेलेला असे. म्हणून दिवाळीनंतरच्या मंडईत कार्यकर्ते जायचे. रात्रभर दंडार चाले, त्या गर्दीत ओळखी होत, आणि सकाळी पिंपळाखाली किंवा पटलाच्या अंगणात बैठक बसे. गोंदिया हे रेल्वेचे जंक्शन असल्याचा मोठा उपयोग झाला. छोट्या रेल्वेने बालाघाट-नैनपूरकडे, मोठ्या गाडीने डोंगरगड-रायपूरकडे आणि दक्षिणेला चांदा फोर्टकडे निरोप घेऊन जाणारे कार्यकर्ते याच फलाटांवर रात्र काढत. तीन राज्यांतली चळवळ एकमेकांशी जोडली जाण्यात या स्थानकाचा वाटा आहे.

1998 च्या मध्य प्रदेश विधानसभा निवडणुकीत दादा हिरासिंह मरकाम तानाखारमधून गोंडवाना गणतंत्र पार्टीचे उमेदवार म्हणून विजयी झाले. मोठ्या पक्षांच्या पैशाला आणि गाड्यांना पायी प्रचाराने दिलेले हे उत्तर होते. त्या विजयाची बातमी सालेकसा-देवरीच्या पाड्यांत पोचली तेव्हा लोकांनी ढोल वाजवले.

याच दशकात दोन घटना घडल्या, ज्यांचा आपल्या जिल्ह्याशी जवळचा संबंध आहे. डिसेंबर 1996 मध्ये पेसा कायदा झाला आणि अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना मोठे अधिकार मिळाले. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा होऊन गोंदिया जिल्हा झाला. पण महाराष्ट्रातील अनुसूचित क्षेत्रांच्या यादीत गोंदियाचा समावेश नाही. शेजारच्या गडचिरोलीतल्या गावाला जो अधिकार आहे, तो सालेकसा किंवा देवरीतल्या तशाच गोंड गावाला मिळत नाही. देवरीला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, आमगाव-देवरी मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे, आणि ज्या कचारगडला सारा गोंड समाज आपले मूळ स्थान मानतो, ते याच भागात आहे. तरी पाचव्या अनुसूचीची रेषा जिल्ह्याच्या बाहेरच थांबली.

नोव्हेंबर 2000 मध्ये छत्तीसगड आणि झारखंड ही राज्ये झाली. दादा मरकाम छत्तीसगडच्या पहिल्या विधानसभेचे सदस्य झाले. आदिवासींची मोठी वस्ती असलेल्या भागांना नवी राज्ये मिळाल्याचे स्वागत पक्षाने केले. परंतु ही राज्ये जुन्या जिल्ह्यांच्या सीमांवर आखली गेली. आधी मध्य प्रदेशात एकत्र असलेले मंडला-बालाघाटचे आणि राजनांदगाव-बस्तरचे गोंड आता दोन राज्यांत गेले. गोंडवाना एक होण्याऐवजी त्याचे आणखी दोन तुकडे झाले. म्हणून मागणी संपली नाही.

2001 ते 2010 : विस्तार आणि कसोटी

या दशकातील सर्वांत मोठे यश 2003 मध्ये मिळाले. मध्य प्रदेश विधानसभेत पक्षाचे तीन आमदार निवडून आले : अमरवाड्यातून मनमोहन शाह बट्टी, घनसौरमधून रामगुलाम उईके आणि परसवाड्यातून दरबूसिंह उईके. परसवाडा म्हणजे आपल्या शेजारच्या बालाघाट जिल्ह्याचा मतदारसंघ. तिथल्या प्रचारासाठी सीमेपलीकडे गेलेले गोंदियाचे कार्यकर्ते त्या निकालाकडे घरच्या निकालासारखे पाहत होते.

पक्ष वाढला तसे त्यापुढचे प्रश्नही वाढले. कोणाशी युती करावी, कोणत्या मागणीला अग्रक्रम द्यावा, याबद्दल वेगवेगळी मते पुढे आली. काही सहकाऱ्यांनी आपापल्या वाटेने काम करायचे ठरवले. घर मोठे झाले की चुली वाढतात. पण माघ पौर्णिमेला सारेच कचारगडच्या एकाच ध्वजाखाली आले आणि गोंडवानाच्या मागणीविषयी कुणाचे दुमत झाले नाही. त्या काळात ज्यांनी ज्यांनी समाजाचे काम केले, त्या सर्वांचे ऋण ही स्मरणिका मान्य करते.

2006 मध्ये वनहक्क कायदा झाला. आपला जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नसला तरी हा कायदा येथे लागू होता, म्हणून त्याचे मोल मोठे होते. चळवळीतल्या तरुणांनी दावे भरायला शिकून घेतले. नकाशा काढणे, जुन्या पावत्या शोधणे, वडीलधाऱ्यांचे जबाब लिहून घेणे, ग्रामसभेचा ठराव करणे ही कामे सभेतल्या घोषणांपेक्षा कठीण असतात. सामाजिक संस्था, ग्रामसभा आणि वेगवेगळ्या विचारांचे कार्यकर्ते यांच्या एकत्र प्रयत्नांतून देवरी आणि अर्जुनी मोरगाव तालुक्यांतल्या काही गावांना पुढे सामूहिक वनहक्क मिळाले. ज्या जंगलात पूर्वी रखवालदाराची भीती वाटे, त्याच जंगलातले तेंदूपान ग्रामसभा स्वतः विकू लागली.

या कामात महिलांचा सहभाग सर्वांत मोठा होता. जंगलात कोणती वस्तू कुठे मिळते हे त्यांनाच नेमके ठाऊक होते. ग्रामसभेत पहिल्यांदा उभे राहून बोलताना ज्यांचा आवाज कापत होता, त्या तिरुमाय आता सभा चालवतात.

2011 ते 2020 : भाषेचा मान आणि मोठे वियोग

2011 च्या जनगणनेत देशभरात सुमारे 29 लाख 84 हजार लोकांनी गोंडी ही आपली मातृभाषा सांगितली. धर्माचा वेगळा रकाना नसतानाही दहा लाखांहून अधिक लोकांनी ‘इतर’मध्ये गोंडी धर्म लिहिला. आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या तेव्हा 13 लाख 22 हजार होती आणि तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे 16 टक्के. समाजाने आपले नाव स्वतः लिहायला सुरुवात केली, हे या आकड्यांतून दिसते.

त्याच वर्षी गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ सुरू झाले. राज्याच्या नकाशावर नसलेले नाव पदवीच्या प्रमाणपत्रावर आले. मुन्शी मसराम यांनी 1918 मध्ये तयार केलेली लिपी 2017 मध्ये युनिकोडमध्ये दाखल झाली. तेलंगणात सापडलेल्या गुंजाला गोंडी लिपीला पुढच्याच वर्षी तोच मान मिळाला. शंभर वर्षांपूर्वी बालाघाटच्या एका माणसाने घडवलेली अक्षरे आता जगातल्या कुठल्याही संगणकाला ओळखता येतात.

निवडणुकांत हे दशक कठीण गेले. महाराष्ट्राच्या विधानसभेत पक्षाला आजवर जागा मिळालेली नाही, हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. मात्र पक्षाने लावून धरलेल्या मागण्या आता इतर पक्षांच्या व्यासपीठांवरूनही बोलल्या जातात. आदिवासी धर्माचा रकाना, गोंडीतून शिक्षण, वनहक्क हे विषय टाळून या भागात कुणालाही मते मागता येत नाहीत.

याच काळात चळवळीचे आधारवड एकामागून एक गेले. 30 ऑक्टोबर 2015 रोजी आचार्य मोतीरावण कंगाली पेनवासी झाले. 2018 मध्ये सुन्हेरसिंह ताराम गेले. 2020 च्या ऑगस्टमध्ये मनमोहन शाह बट्टी आणि 28 ऑक्टोबरला दादा हिरासिंह मरकाम आपल्याला सोडून गेले. महामारीचे दिवस होते. अनेकांना अखेरचे दर्शनही घेता आले नाही. पाड्यापाड्यांत घरासमोर दिवा लावून लोकांनी दादांना निरोप दिला.

2021 पासून : पुढची पिढी

दादांच्या जाण्याने पक्ष थांबेल असे वाटणाऱ्यांना 2023 मध्ये उत्तर मिळाले. छत्तीसगडच्या पाली-तानाखार मतदारसंघातून दादांचे पुत्र तुलेश्वर हिरासिंह मरकाम पक्षाचे आमदार म्हणून निवडून आले. बहुजन समाज पक्षाशी युती करून पक्षाने ती निवडणूक लढवली होती. वडिलांनी ज्या भागातून पक्षाचा पाया घातला, त्याच भागाने पुन्हा विश्वास दाखवला.

आपल्या जिल्ह्यात आज कामाची दिशा स्पष्ट आहे. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव आणि सडक अर्जुनी भागातील आदिवासी गावांचा अनुसूचित क्षेत्रात समावेश व्हावा, ही पहिली मागणी आहे. वनहक्काचे अडकलेले दावे मार्गी लागावेत, अंगणवाडी आणि प्राथमिक शाळेत गोंडीतून शिकवले जावे, कचारगडच्या परिसराची देखभाल त्याचे पावित्र्य आणि तिथले जंगल राखून व्हावी, या मागण्या तिच्यासोबत आहेत. कचारगडच्या यात्रेत आता पुस्तकांचे आणि लिपीवर्गांचे मांडव लागतात. धनेगावच्या देवस्थान समितीचे सेवक, स्वयंसेवक, भुमका आणि परिसरातले सर्व समाजांचे गावकरी लाखो भाविकांची व्यवस्था पाहतात. ज्यांनी 1984 मध्ये मूठभर पाहुण्यांना तांदूळ रांधून वाढले, त्यांची नातवंडे आज ही व्यवस्था सांभाळत आहेत.

गोंडवाना राज्य अद्याप झालेले नाही. पण ज्या समाजाला आपले पूर्वज कोण, आपली लिपी कोणती आणि आपल्या जंगलावर आपला हक्क कोणता, हे सांगता येत नव्हते, तो आज हे तिन्ही ठामपणे सांगतो. पक्षाच्या कामाचे मोजमाप करताना आमदारांच्या संख्येसोबत हेही मोजावे लागेल.

तरुण वाचकांना एक विनंती आहे. या स्मरणिकेत मोजकीच नावे आली आहेत. आपल्या गावात सायकलवरून ‘गोंडवाना दर्शन’चे अंक वाटणारे, पहिल्या बैठकीला अंगण देणारे, वनहक्काच्या दाव्यासाठी साक्ष देणारे वृद्ध अजून आहेत. त्यांच्याजवळ बसा, त्यांचे बोलणे गोंडीत लिहून घ्या, आणि पुढच्या माघ पौर्णिमेला ती वही घेऊन कचारगडला या. गुंफेच्या तोंडची शिळा एकट्याने हललेली नाही. आत असलेल्यांनी आणि बाहेर असलेल्यांनी एकाच वेळी जोर लावला होता.

जय सेवा! जय गोंडवाना!